‘नॅस्टी’ : एका विशेषणाची वाटचाल

अप्रिय गोष्टींचे वर्णन करण्यासाठी इंग्रजी भाषेत विशेषणांची उणीव नाही. ‘बॅड’, ‘ऑफुल’, ‘हॉरिबल’, ‘डिस्गस्टिंग’, ‘अनप्लेझंट’ अशी त्यांची लांबलचक मालिकाच सांगता येईल. शब्दकोशात ही विशेषणे एकमेकांच्या शेजारी बसलेली आढळतात; परंतु ज्यांची ती मातृभाषा आहे, ते लोक बोलताना त्यांची सरमिसळ करीत नाहीत. प्रस्तुत प्रकरणात या मालिकेतील ‘नॅस्टी’ या एकाच विशेषणाचा विचार करावयाचा आहे.

हा शब्द विद्वानांचा नव्हे. तो घरातला आणि रस्त्यावरचा आहे. औषधाचा चमचा पुढे येताच लहान मूल तो उच्चारते. मोरी तुंबून दुर्गंधी पसरली म्हणजे गृहिणी तो वापरते. डॉक्टर रुग्णाच्या खोकल्याला हेच विशेषण लावतो, मोटार चालविणारा रस्त्यावरच्या आंधळ्या वळणाला लावतो आणि शाळकरी मुलगी आपल्याला घालून पाडून बोलणाऱ्या मैत्रिणीलाही लावते. इंग्रजी-मराठी कोश उघडला, तर त्यापुढे ‘घाणेरडा, ओंगळ, वाईट’ असे काही प्रतिशब्द दिलेले सापडतात. मात्र तेवढ्यावर विसंबून जो वाचतो किंवा भाषांतर करतो, त्याची पदोपदी फसगत होते. खोकला घाणेरडा नसतो आणि वळण ओंगळ नसते. मग या सर्वांना एकत्र बांधणारे सूत्र कोणते?

‘बॅड’ आणि ‘नॅस्टी’

हे सूत्र शोधण्याचा सोपा मार्ग म्हणजे ‘नॅस्टी’ची तुलना ‘बॅड’ या अगदी सामान्य विशेषणाशी करणे. ‘बॅड डॉक्टर’ म्हणजे ज्याला आपली विद्या नीट येत नाही असा वैद्य. ‘नॅस्टी डॉक्टर’ म्हटले, तर त्याच्या विद्येविषयी काहीच सांगितले जात नाही. तो रुग्णांशी तुसडेपणाने वागतो, एवढेच कळते. ‘बॅड रोड’ म्हणजे खाचखळग्यांचा रस्ता. परंतु डांबरीकरण उत्तम असूनही एखादे वळण ‘नॅस्टी’ असू शकते, कारण तेथे समोरून येणारे वाहन दिसत नाही. हस्ताक्षर वाईट असेल, तर इंग्रज त्याला ‘बॅड’ म्हणेल, ‘नॅस्टी’ म्हणणार नाही. पीक बुडाले, तर हंगाम ‘बॅड’ ठरतो, ‘नॅस्टी’ ठरत नाही.

या उदाहरणांवरून भेद स्पष्ट होतो. ‘बॅड’ हे विशेषण वस्तूला एखाद्या मापाने मोजते आणि ती त्या मापास उतरली नाही, असा निकाल देते. ‘नॅस्टी’ मापाकडे पाहतच नाही. ती वस्तू आपल्या वाट्याला आली असता आपल्याला काय सोसावे लागते, हे ते सांगते. नाकाला झोंबणारा वास, जिभेला नकोसा वाटणारा काढा, हाडापर्यंत गेलेला काप, पायरीवरून घसरून झालेला आपटा, अनपेक्षित आलेले कराचे देयक, झोंबऱ्या वाऱ्यासह कोसळणारा पाऊस या सर्वांत समान असे एकच आहे : ती गोष्ट आपल्या अंगावर येते. तिच्यात जणू दुखावण्याचा गुण भरलेला असतो. कुत्रा ‘टर्न्स नॅस्टी’ म्हणजे तो गुरगुरत चाल करून येतो. सभा ‘टर्न्स नॅस्टी’ म्हणजे तिचा नूर पालटतो आणि हातघाईची चिन्हे दिसू लागतात.

दुसरीही एक मर्यादा ध्यानात ठेवली पाहिजे. हा शब्द आटोपशीर आकाराच्या संकटांसाठी आहे. दुष्काळाला, नरसंहाराला किंवा एखाद्याच्या पुत्रशोकाला कोणी जाणता इंग्रज ‘नॅस्टी’ म्हणणार नाही. म्हटलेच, तर ते उथळपणाचे लक्षण ठरेल. उलटपक्षी, हाड मोडलेल्या माणसाला डॉक्टर जेव्हा ‘नॅस्टी’ मोड असल्याचे सांगतो, तेव्हा त्या शब्दात किळस मुळीच नसते. ‘हे दुखणे किरकोळ नाही, पण घाबरून जाऊ नका,’ असा इशारा आणि दिलासा त्यात एकत्र आलेला असतो. ज्याला केवळ कोशातील अर्थ ठाऊक आहे, त्या परक्या रुग्णाला मात्र आपल्या जखमेची डॉक्टरला किळस आली, असे वाटण्याचा संभव असतो.

शब्दाचे मूळ आणि कूळ

हा शब्द इंग्रजीत सुमारे १४०० सालापासून आढळतो. त्याचे मूळ निर्विवादपणे ठरलेले नाही. काही अभ्यासक त्याचा संबंध ‘घाणीने बरबटलेला’ या अर्थाच्या स्वीडिश बोलींतील शब्दांशी जोडतात. काही जण डच भाषेतील अशा शब्दाकडे बोट दाखवितात की, ज्यात पक्ष्याच्या घाणेरड्या घरट्याची कल्पना आहे. आणखी काही जण जुन्या फ्रेंचमधील ‘कद्रू, हलका’ या अर्थाच्या शब्दाकडे वळतात. लोकांमध्ये आणखी एक व्युत्पत्ती सांगितली जाते. एकोणिसाव्या शतकातील अमेरिकन व्यंगचित्रकार टॉमस नास्ट यांच्या बोचऱ्या चित्रांवरून हे विशेषण निघाले, अशी ती कथा आहे. ती रंजक असली, तरी खरी नाही. नास्ट यांचा जन्म १८४० सालचा. आणि १६०० च्या सुमारास लिहिलेल्या ‘हॅम्लेट’ नाटकात राजपुत्र आपल्या आईची निर्भर्त्सना करताना डुकरांच्या खुराड्याला हेच विशेषण लावतो. शब्द नास्ट यांच्याहून कितीतरी शतकांनी वडील आहे.

खुराड्याचे हे उदाहरण जुन्या अर्थाचा चांगला नमुना आहे. प्रारंभी ‘नॅस्टी’ म्हणजे अक्षरशः घाणेरडा, मळाने व दुर्गंधीने भरलेला. त्यातूनच ‘अश्लील’ हा अर्थ निघाला. सतराव्या शतकात हे विशेषण पावसाळी, चिखलाच्या हवेलाही लागू लागले. तथापि सॅम्युएल जॉन्सन यांनी १७५५ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या सुविख्यात कोशात ‘घाणेरडा’ आणि ‘अश्लील’ हे दोनच अर्थ नोंदविले आहेत. दुष्ट बोलणारा किंवा खवचट वागणारा माणूस त्या नोंदीत नाही. तो अर्थ एकोणिसाव्या शतकात रूढ झाला आणि पुढे इतका बळावला की, आज माणसाविषयी हा शब्द वापरला असता ऐकणाऱ्याच्या मनात प्रथम तोच येतो.

अर्थाच्या या स्थलांतरामुळे जुने ग्रंथ वाचताना काळजी घ्यावी लागते. टॉमस हॉब्ज या तत्त्वज्ञाने १६५१ साली प्रसिद्ध झालेल्या ‘लेव्हायथन’ या ग्रंथात, राज्यसत्ता नसती तर मनुष्याचे जीवन कसे झाले असते, याचे वर्णन पाच विशेषणांनी केले. त्यांतील मधले विशेषण ‘नॅस्टी’ हे आहे. आजच्या वाचकाला ते काहीसे सौम्य, जवळजवळ विनोदी वाटते. कारण आज हा शब्द सर्दीपडशालाही लागतो. परंतु हॉब्जच्या काळी त्यात मळ, दुर्गंध आणि नीचपणा यांचा पुरा भार होता. इंग्लंड नुकतेच यादवी युद्धातून बाहेर पडत होते आणि तो हलक्या शब्दांत बोलत नव्हता. वाक्य तेच राहिले, शब्दाचे वजन मात्र उतरले.

‘नाइस’ आणि ‘नॅस्टी’ : उलट दिशांनी गेलेले दोन प्रवासी

इंग्रज मूल ज्या शब्दजोड्या अगदी लवकर शिकते, त्यांत ‘नाइस’ आणि ‘नॅस्टी’ ही जोडी येते. एक गोड, दुसरा कडू. पण हे दोन शब्द जन्मतः विरोधी नव्हते. ‘नाइस’ हा लॅटिनमधील ‘अजाण’ या अर्थाच्या शब्दापासून फ्रेंचमार्गे आला आणि मध्ययुगीन इंग्रजीत त्याचा अर्थ ‘मूर्ख’ असा होता. पुढे तो ‘नाजूक’, ‘चोखंदळ’ असा होत होत अठराव्या शतकात ‘छान’ या अर्थाला येऊन पोहोचला. भाषाशास्त्रात यास अर्थोत्कर्ष म्हणतात. जोनाथन स्विफ्टने एका सूत्ररूप वचनात हे दोन्ही शब्द एकत्र आणले आहेत. त्याचा आशय असा की, जो फाजील सोवळेपणा मिरवतो, त्याच्याच डोक्यात गलिच्छ विचार भरलेले असतात. त्याचे ‘नाइस’ म्हणजे ‘सोवळा, नाक मुरडणारा’ हे ज्याला ठाऊक नाही, त्याला स्विफ्टने सज्जनांचीच निंदा केली असे वाटेल.

पुढे ‘नाइस’ इतका सैल झाला की, जेन ऑस्टिनने ‘नॉर्दँगर ॲबी’ या आपल्या कादंबरीत एका पात्राकडून त्याची थट्टा करविली. ‘नॅस्टी’चेही असेच झाले, फक्त दिशा वेगळी. ‘नाइस’ खालून वर चढला. ‘नॅस्टी’ शरीराच्या मळापासून निघून स्वभावाच्या मळापर्यंत गेला आणि वाटेत त्याची धार पुष्कळशी बोथट झाली.

हा प्रकार केवळ इंग्रजीत घडतो असे नाही. जुन्या इंग्रजीत ‘स्टिंक’ या क्रियापदाचा अर्थ नुसते ‘वास येणे’ असा होता. तो वास सुगंधही असू शके. आज तो केवळ दुर्गंध उरला आहे. आपल्या ‘घाण’ या शब्दाचे मूळही संस्कृत ‘घ्राण’ म्हणजे ‘गंध’ किंवा ‘नाक’ हेच होय. तसेच, खाण्याची वस्तू बिघडल्याचे सांगणारे आपले शब्द माणसाच्या स्वभावाकडे किती सहज वळतात, तेही पाहण्यासारखे आहे. खोबरे खवट होते आणि म्हातारा खवट बोलतो. पाने कुजतात आणि शेजारीण कुजके बोलते. आंबा सडतो आणि एखाद्याचा मेंदूही सडका ठरतो. इंग्रजीने खुराड्यापासून स्वभावापर्यंत जी वाट तुडवली, तीच वाट मराठीने स्वयंपाकघरातून शोधली, असे म्हणता येईल.

मळ कोठे असतो?

येथे भाषेचा प्रश्न माणसाच्या प्रश्नाला येऊन भिडतो. घाणीचा शब्द माणसाला लावताना आपण नेमके काय करतो?

चार्ल्स डार्विनने १८७२ साली प्रसिद्ध केलेल्या, माणसाच्या व प्राण्यांच्या भावनांची अभिव्यक्ती या विषयावरील ग्रंथात किळसेचा विचार केला आहे. तेथे त्याने स्वतःचा एक अनुभव नोंदविला आहे. दक्षिण अमेरिकेच्या टोकाला, टिएरा देल फ्वेगो येथे, तो डब्यातले थंड मांस खात असता एका स्थानिक मनुष्याने त्यास बोट लावून पाहिले. मांसाच्या मऊपणाची त्या मनुष्याला किळस आली, हे त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसले. आणि डार्विनला किळस आली ती एका उघड्या, त्याच्या मते रानटी, मनुष्याने आपल्या अन्नाला हात लावला याची. पुढे डार्विन प्रामाणिकपणे सांगतो की, त्या मनुष्याचे हात काही घाणेरडे दिसत नव्हते.

या छोट्या प्रसंगात पुष्कळ अर्थ भरला आहे. दोघांसमोर मांस एकच होते. एकाची किळस वस्तूविषयी होती, दुसऱ्याची माणसाविषयी. हातावर मळ नसतानाही मळ दिसला. म्हणजे तो हातावर नव्हता, पाहणाऱ्याच्या समजुतीत होता. त्याच ठिकाणी डार्विन असेही निरीक्षण करतो की, दाढीला लागलेले सूप पाहून ओंगळ वाटते, पण वाटीतल्या त्याच सुपात ओंगळ असे काही नसते. पुढे १९६६ साली मेरी डग्लस या ब्रिटिश मानवशास्त्रज्ञ विदुषीने ‘प्युरिटी अँड डेंजर’ या ग्रंथात हाच विचार विस्ताराने मांडला. जोडे स्वतः घाण नसतात. ते जेवणाच्या मेजावर ठेवले की घाण होतात. प्रत्येक समाज वस्तूंच्या जागा ठरवून देतो आणि जी वस्तू ठरलेली जागा सोडते, तिला अशुद्ध म्हणतो.

वस्तूंच्या बाबतीत ही व्यवस्था सोयीची असते. माणसांच्या बाबतीत ती क्रूर होते. ‘विटाळ’ या शब्दाचा इतिहास ज्या देशाला ठाऊक आहे, तेथील वाचकाला याचे स्पष्टीकरण नको. घाणीचा शब्द माणसाला एकदा चिकटला की, पुरावा मागण्याची गरज कोणालाच वाटत नाही. किळस हाच पुरावा होतो.

‘नॅस्टी’ या शब्दाच्या अलीकडील राजकीय वापरात या जुन्या अर्थाचे अवशेष दिसतात. २००२ साली थेरेसा मे यांनी आपल्याच कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाच्या बोर्नमथ येथील अधिवेशनात सांगितले की, काही लोक आपल्या पक्षाला या विशेषणाने ओळखतात. तेथे अर्थ होता निष्ठुर, गरिबांविषयी अनुदार. वाक्य स्वपक्षाला सावध करण्यासाठी होते. परंतु विरोधकांनी ते पुढे अनेक वर्षे शस्त्रासारखे वापरले. २०१६ च्या १९ ऑक्टोबरला अमेरिकेतील अध्यक्षीय निवडणुकीच्या वादसभेत डोनाल्ड ट्रम्प यांनी हिलरी क्लिंटन बोलत असता त्यांना उद्देशून ‘नॅस्टी’ स्त्री असे म्हटले. अमेरिकेत हा शब्द ब्रिटनपेक्षा अधिक जहाल मानला जातो आणि स्त्रीला लावला असता ‘अमंगळ’ या जुन्या अर्थाची छाया त्यात सहज पडते. क्लिंटन यांच्या समर्थक स्त्रियांनी मात्र ही शिवी उचलून सदऱ्यांवर छापली आणि बिरुदासारखी मिरवली. दुसऱ्याने फासलेला मळ स्वतःहून कपाळी लावला, तर तो मळ राहत नाही, हे त्यांनी दाखवून दिले.

याखेरीज शब्दाची आणखी दोन रूपे सांगून पुढे जाऊ. १९८० नंतर ब्रिटनमध्ये रक्तपात व क्रौर्य यांनी भरलेल्या व्हिडिओ चित्रपटांना ‘व्हिडिओ नॅस्टी’ असे नाव पडले. येथे विशेषणाचे नाम झाले, आणि त्या वादातून १९८४ साली व्हिडिओ चित्रपटांच्या प्रमाणीकरणाचा कायदा झाला. दुसरे रूप म्हणजे बोलभाषेतील स्तुती. बेसबॉलमध्ये फलंदाजाला न उमगणारी फेक अमेरिकन प्रेक्षक कौतुकाने ‘नॅस्टी’ ठरवितात. आपल्याकडे ‘भयंकर आवडले’ म्हणताना भयाचा लवलेश नसतो, तसाच हा प्रकार होय.

भाषांतरकाराची कसोटी

आता या सर्व विवेचनाचा व्यवहारात काय उपयोग, ते पाहू. समजा, एखाद्या चौकशीत इंग्रजी बोलणाऱ्या साक्षीदार स्त्रीने सांगितले की, कार्यालयातील अमुक अधिकारी आपल्याशी ‘नॅस्टी’ होता. भाषांतरकाराने कोशातील पहिला शब्द उचलून ‘त्याने माझ्याशी घाणेरडे वर्तन केले’ असे मराठीत लिहिले, तर काय होईल? मराठीत ‘घाणेरडे वर्तन’ म्हणताच विनयभंगाची शंका येते. साक्षीदार स्त्रीला म्हणायचे होते ते इतकेच की, तो आपल्याशी तुसडेपणाने, मन दुखावेल असे वागला. एका विशेषणाच्या चुकीने एका माणसाच्या अब्रूवर शिंतोडे उडतात आणि दुसरीच्या तोंडी तिने न केलेला आरोप येतो. याच्या उलट, तिने जर ‘नॅस्टी’ चित्रे दाखविल्याचे सांगितले असेल आणि भाषांतरकाराने ‘वाईट चित्रे’ असे लिहिले, तर खरा आणि गंभीर आरोप पुसला जातो. पहिल्या ठिकाणी कोश अर्थ वाढवितो, दुसऱ्या ठिकाणी भाषांतरकाराचा संकोच तो झाकतो. दोन्ही ठिकाणी अन्यायच होतो.

म्हणून या शब्दासमोर एकच प्रतिशब्द ठेवून भागणार नाही. विशेष्य पाहूनच विशेषणाचे भाषांतर केले पाहिजे. वास असेल तर ‘घाणेरडा’ किंवा ‘उग्र’, चव असेल तर ‘कडवट’, ‘नकोशी’, जखम ‘खोल’ किंवा ‘वाईट’, खोकला ‘चिवट’, वळण ‘धोक्याचे’, हवा ‘खराब’, धक्का ‘जबर’, बोलणे ‘कुजकट’ किंवा ‘लागट’, विनोद ‘अचकट-विचकट’, आणि ज्या माणसाला इंग्रज ‘नॅस्टी पीस ऑफ वर्क’ म्हणतात, तो आपल्याकडे ‘बेरकी आणि दुष्ट’ ठरेल. स्वस्त म्हणून घेतलेली आणि दुसऱ्याच दिवशी मोडणारी वस्तू इंग्रजीत ‘चीप अँड नॅस्टी’ होते. मराठीत ती नुसती ‘हलकी’ किंवा ‘भिकार’ म्हटली तरी पुरते. मराठीत इतके शब्द लागतात, हे मराठीचे वैगुण्य नव्हे. इंग्रजीने हा भेद संदर्भावर सोपविला आहे. मराठीने तो शब्दांतच करून ठेवला आहे.

शब्द शिकणे म्हणजे त्याचा अर्थ पाठ करणे नव्हे. तो कोणत्या वस्तूंच्या सोबतीने राहतो, कोणत्या वस्तूंपासून दूर राहतो आणि माणसांच्या बाबतीत तो उच्चारण्याचा अधिकार कोण घेतो, हे पाहणे होय. ‘नॅस्टी’सारखे लहानसे विशेषण या दृष्टीने अभ्यासाला फार सोयीचे आहे. त्याच्या सहाशे वर्षांच्या इतिहासातून एक गोष्ट वारंवार प्रत्ययास येते. वासाला, काढ्याला किंवा पावसाला तो शब्द लावताना आपण आपला अनुभव सांगत असतो. माणसाला लावताना मात्र निवाडा देत असतो. अनुभव सांगण्यास पुरावा लागत नाही, निवाड्यास तो लागतो. बोलणाऱ्याने, आणि त्याहून अधिक भाषांतर करणाऱ्याने, शब्द हातावेगळा करण्यापूर्वी या दोहोंतील अंतर एकदा मोजून पाहावे.